‘ज्याअर्थी’ची कविता : लेली लाँग सोल्जर यांच्या ‘व्हेअरॅज’विषयी

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत कवितेचा उल्लेख अगदी जाता जाता येतो. काही उक्ती कशाचेही वर्णन करीत नाहीत, त्या उच्चारणे हीच एक कृती असते, हा त्यांचा मूळ मुद्दा. वचन देणे, पैज लावणे, जहाजाचे नामकरण करणे, क्षमा मागणे ही त्यांची उदाहरणे. मात्र अशीच उक्ती नटाने रंगमंचावरून उच्चारली किंवा एखाद्या कवितेत आली, तर ती एका विशेष अर्थाने पोकळ ठरते, असे त्यांनी म्हटले आहे. भाषेचा हा वापर गंभीर नव्हे. गंभीर वापराच्या खोडावर वाढलेले ते बांडगूळ आहे. सबब ते विवेचनाबाहेर ठेवावे. देरिदा यांनी १९७१ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या वगळण्यावरच बोट ठेवले. जी उक्ती पुन्हा उच्चारता येत नाही, उद्धृत करता येत नाही, ती मुळात उक्ती म्हणून सफलच होऊ शकत नाही. मग उद्धृत होण्याची शक्यता हा अपवाद कसा, असा त्यांचा प्रश्न. पुढे सर्ल आणि देरिदा यांच्यात जो वाद झाला तो साहित्यसिद्धांताच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्याची येथे पुनरावृत्ती करण्याचे कारण नाही.

परंतु या साऱ्या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेली दिसते. ‘गंभीर’ उक्तीचा नमुना म्हणून आपल्या डोळ्यांसमोर न्यायाधीश, धर्मगुरू, संसद येते, आणि ‘अगंभीर’ उक्तीचा नमुना म्हणून कवी. संसदेची उक्ती पोकळ आणि कवितेची उक्ती भरीव असू शकेल, ही शक्यता कोणी फारशी तपासून पाहिलेली नाही. लेली लाँग सोल्जर यांच्या ‘व्हेअरॅज’ (ग्रेवुल्फ प्रेस, २०१७) या संग्रहाचे महत्त्व मला येथे वाटते. या संग्रहाला नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचे पारितोषिक मिळाले, नॅशनल बुक ॲवॉर्डच्या अंतिम यादीत तो होता, या गोष्टी सर्वज्ञात आहेत. त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यात ‘प्रतिकाराची कविता’ हे शब्द वारंवार येतात. ते चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. प्रतिकार कशाला, याचे उत्तर व्याकरणाच्या पातळीवर शोधल्याशिवाय हा संग्रह हाती लागत नाही.

आधी प्रसंग. १९ डिसेंबर २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी २०१० या वर्षाच्या संरक्षण विनियोजन अधिनियमावर सही केली. सहाशे अब्ज डॉलरहून अधिक खर्चाला मंजुरी देणाऱ्या या कायद्याच्या पोटात, कलम ८११३ म्हणून, अमेरिकेतील मूलनिवासींची क्षमा मागणारा मजकूर होता. कॅन्ससचे सिनेटर सॅम ब्राउनबॅक काही वर्षे ज्या ठरावाचा पाठपुरावा करीत होते, त्याचेच हे रूप. सहीच्या वेळी मूलनिवासी राष्ट्रांचे कोणी प्रतिनिधी निमंत्रित नव्हते. अध्यक्षांनी तो मजकूर जाहीरपणे वाचून दाखविला नाही. पुढे पाच महिन्यांनी, मे २०१० मध्ये, ब्राउनबॅक यांनी पाच जमातींच्या प्रतिनिधींसमोर त्याचे वाचन केले. शासनमान्य जमाती मात्र साडेपाचशेहून अधिक. संग्रहाच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी लाँग सोल्जर हा तपशील कोणत्याही विशेषणाविना नोंदवितात आणि आपण या क्षमायाचनेच्या सादरीकरणाला, तसेच तिच्या भाषेला व रचनेला उत्तर देत आहोत, असे सांगतात. आपण अमेरिकेच्या आणि ओग्लाला लाकोटा राष्ट्राच्या अशा दुहेरी नागरिक आहोत, हेही तेथेच येते.

ऑस्टिन यांच्या कसोट्या लावून पाहिल्या तर हा प्रसंग पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणासारखा आहे. उक्ती सफल होण्यासाठी ती योग्य व्यक्तीने, योग्य प्रसंगी, योग्य पद्धतीने उच्चारावी लागते, आणि जिला उद्देशून ती आहे तिच्यापर्यंत ती पोहोचावी लागते. येथे उच्चारणच नाही, श्रोताही नाही. शब्द तेवढे आहेत, तेही रणगाडे आणि विमाने यांच्या खर्चाच्या तरतुदींमध्ये दुमडून ठेवलेले. त्या शब्दांतही कर्ता कोण ते पाहावे. अमेरिका ‘अमेरिकेच्या लोकांच्या वतीने’ क्षमा मागते, ती ‘अमेरिकेच्या नागरिकांनी’ केलेल्या हिंसेबद्दल, गैरवर्तनाबद्दल आणि उपेक्षेबद्दल. शासनाने केलेल्या लुबाडणुकीची आणि मोडलेल्या करारांची नोंद आधीच्या उपकलमात आहे, पण तेथे क्रियापद ‘मान्य करणे’ हे आहे. क्षमेचे क्रियापद आले की शासन मागे सरते आणि नागरिक पुढे येतात. सरकारी मसुदे करणाऱ्यांचे व्याकरण कच्चे असते असे आपण उगाच मानतो.

एक गोष्ट याहून लक्षणीय आहे, आणि तिच्याकडे समीक्षकांचे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. सिनेटमधील मूळ ठरावाला प्रास्ताविक होते. ‘व्हेअरॅज’ या शब्दाने सुरू होणारी कलमे, एकामागून एक, अर्धविरामांनी जोडलेली. युरोपीयांचे आगमन, करार, स्थलांतरे, वसतिशाळा, हत्याकांडे यांचा जो काही इतिहास ठरावात होता तो त्या कलमांतच होता. ठराव कायद्यात गेला तेव्हा ही सर्व कलमे गळाली. कलम ८११३ मध्ये उरले ते फक्त निष्कर्षाचे भाग आणि दायित्व नाकारणारा शेवटचा तुकडा. म्हणजे शासनाने क्षमा ठेवली आणि क्षमेची कारणे काढून टाकली. लाँग सोल्जर यांनी आपल्या संग्रहाचे नाव आणि त्याच्या मध्यवर्ती मालिकेचा रूपबंध नेमका या गळालेल्या भागावरून घेतला आहे. जो शब्द कायद्याला नकोसा झाला तो कवितेने उचलला.

हा शब्द मराठीत आणू लागले की त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. आपल्या राजपत्रातील अधिसूचनांत त्यासाठी ‘ज्याअर्थी’ हा शब्द रूढ आहे, आणि त्याच्या पाठोपाठ ‘त्याअर्थी, आता’ येतेच. इंग्रजी ठरावातही शेवटी ‘म्हणून आता’ या अर्थाचे शब्द असतात. परंतु मराठीत ही जोडी व्याकरणानेच बांधलेली आहे. ‘ज्या’ आले की कान ‘त्या’ची वाट पाहतो. ‘ज्याअर्थी’ म्हणून थांबलेला माणूस मराठीत वाक्याच्या मध्येच उभा असतो. लाँग सोल्जर यांच्या ‘व्हेअरॅज स्टेटमेंट्स’ या मालिकेत हेच घडते. ‘ज्याअर्थी’मागून ‘ज्याअर्थी’ येत राहते, कविता बहुधा अर्धविरामावर थांबते, आणि पूर्णविरामाचा क्षण पुढे ढकलला जातो. इतिहास सांगून झाला, आता निष्कर्षाकडे वळू, असे म्हणण्याची मुभा ही रचना कोणालाच देत नाही. मात्र ‘ज्याअर्थी’ हे भाषांतर पुरे पडत नाही हेही नमूद केले पाहिजे. इंग्रजी शब्दाला ‘याउलट’ असाही एक अर्थ आहे. एका कवितेत कवयित्री या शब्दाचे कोशगत अर्थ मांडतात आणि मग त्याला जेवणाच्या टेबलाची मांडामांड करणाऱ्याच्या रूपात पाहतात. टेबलावर कापड अंथरले जाते, ताटे लागतात, पाहुण्याला बोलावले जाते. पाहुणी तेथे बसते ती दोन्ही अर्थ मनात धरून. यजमानाच्या ‘ज्याअर्थी’ला तिचे ‘याउलट’ हे उत्तर आहे, आणि शब्द तोच आहे.

भाषांतराचाच दुसरा प्रश्न ‘क्षमा’ या शब्दाचा. मराठीत आपण क्षमा ‘मागतो’, खेद किंवा दिलगिरी ‘व्यक्त करतो’. पहिल्या क्रियेत समोरचा माणूस अध्याहृत आहे. तो देईल किंवा न देईल. दुसरीत त्याची गरज नाही. इंग्रजी क्रियापद बोलणाऱ्यापाशीच पूर्ण होऊ शकते, त्यात मागणे नाही. अमेरिकी ठरावात क्षमा आणि खेद अशी दोन्ही क्रियापदे आहेत. पण मराठी कानाला दोन्ही ‘व्यक्त करण्या’च्याच जातीची वाटतात, कारण देणाऱ्याला तेथे जागाच ठेवलेली नाही. लाँग सोल्जर यांच्या एका कवितेत हा मुद्दा त्यांच्या बाजूने येतो. अनेक मूलनिवासी भाषांत या क्रियापदाला प्रतिशब्दच नाही. पण याचा अर्थ चूक कबूल करून ती निस्तरण्याच्या ठरलेल्या कृती त्या समाजांत नाहीत असा नव्हे, हेही त्या लगेच सांगतात. शब्द आहे आणि कृती नाही, कृती आहे आणि शब्द नाही, अशा दोन संस्कृती समोरासमोर येतात. मग ज्या भाषेत हा शब्दच नाही तिच्यात या ठरावाचे काय होईल, हे त्या कवितेच्या पानावरच करून दाखवितात. त्या शब्दाच्या जागी कोरी जागा राहते आणि तिच्याभोवतीची वाक्ये लंगडत चालतात. अशा मुद्रणयुक्त्यांचा आपल्याला एरवी कंटाळा आलेला असतो, परंतु येथे कोरेपण सजावटीसाठी आलेले नाही, ते युक्तिवादाची एक पायरी आहे.

या मालिकेतील ज्या दोन कविता मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्यांत ठरावाचा प्रत्यक्ष संबंध अगदी पुसट आहे. पहिलीत मुलीच्या घरी न्याहारीच्या टेबलावर वडील बसले आहेत. आवाज होतो, ते शिंकले असे तिला वाटते. वडील एके काळी फार पीत. आता तसे राहिलेले नाहीत. लहानपणी भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास पडून राहिल्याची आठवण मधे येऊन जाते. मग ध्यानात येते की ती शिंक नव्हती, ते रडत होते. तिने त्यांना रडताना कधी ऐकलेले नव्हते, म्हणून तो आवाज ओळखता आला नाही. ते क्षमा मागतात. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवते, आणि झाले ते संपले असे म्हणते. ऑस्टिन यांच्या सर्व अटी येथे पुऱ्या होतात, आणि त्या एका कवितेत पुऱ्या होतात. योग्य माणूस, योग्य माणसासमोर, आपल्या तोंडाने. आणि ऐकणारीच्या हाताची कृती. मोठ्या क्षमायाचनेशी या प्रसंगाची तुलना करा, असे कवयित्री कोठेही सुचवीत नाहीत. ‘ज्याअर्थी’ या शब्दाने कविता सुरू होते एवढेच. ती तुलना वाचकाने करायची आहे, आणि शेवटी शतकांचा उल्लेख येतो तेव्हा ती टाळताही येत नाही. या कवितेत क्षमा सहज मिळते म्हणून ती भावविवश आहे असा आक्षेप कोणी घेईल. मला तो मान्य नाही. शिंक आणि रडणे यांतील गोंधळ हा या कवितेचा कणा आहे. जो आवाज आयुष्यात कधी ऐकलाच नाही तो ओळखायचा कसा, हा प्रश्न एका मुलीचा आहे, तसाच एका राष्ट्राचाही.

दुसरी कविता कवयित्रीच्या मुलीची. बाहेर खेळताना ती पडते, गुडघे फुटतात, मुले तिला घरात घेऊन येतात, आणि ती हसते आहे. आई तिला थांबविते. दुखत असेल तर रड, या घरात खोटे वागायचे नाही, असे बजावते. मूल रडू लागते. आणि पुढच्याच ओळींत ही आई कबूल करते की युरोपीयांच्या येण्याने मूलनिवासींच्या इतिहासात नवे प्रकरण उघडले, हे ठरावातले शब्द वाचून आपल्याला हसू आले. मुलीला जे करू नको म्हटले तेच आई करते आहे. ठरावाच्या भाषेविषयी कितीही उपरोधिक टीका करता आली असती. लाँग सोल्जर उपरोध टाळून स्वतःच्या हसण्याकडे बोट दाखवितात. खोटेपणाचा संसर्ग वाचणाऱ्यालाही होतो, हे त्यांच्या नेमके ध्यानात आले आहे. याच मालिकेत आणखी एक प्रश्न येतो. मुलीला लाकोटा म्हणजे काय ते शिकवायचे, तर मला स्वतःला त्या भाषेचे तुकडेच तेवढे ठाऊक आहेत. मी तिला तुकडे होणेच शिकवू का? वसतिशाळांनी भाषा कशी तोडली याची पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतली बरीच मिळून जे सांगतात ते या एका प्रश्नात आहे.

संग्रहाच्या पहिल्या भागातील ‘३८’ ही कविता अनेक संकलनांत गेली आणि तीच लाँग सोल्जर यांची ओळख होऊन बसली. तिचा विषय २६ डिसेंबर १८६२. त्या दिवशी मिनेसोटातील मॅन्केटो येथे अडतीस डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा सामूहिक मृत्युदंड. लष्करी आयोगाने तीनशे तीन जणांना मृत्युदंड सुनावला होता, काही खटले अवघ्या काही मिनिटांत आटोपून. अध्यक्ष लिंकन यांनी कागदपत्रे तपासून यादी लहान केली. त्याच आठवड्यात, १ जानेवारी १८६३ रोजी, त्यांनी गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. २०१२ सालच्या ‘लिंकन’ चित्रपटात गुलामांची मुक्ती आहे, हे फाशी नाही, असे कवयित्री नोंदवितात आणि पुढे जातात.

आरंभीच त्या वाचकाला सांगून ठेवतात की येथे वाक्याचा मान राखला जाईल, आणि या लेखनाला त्या कल्पनाशक्तीचे फळ समजत नाहीत. घटनांना नाट्यमय रूप दिले जाणार नाही. खरोखरच ही कविता एका पाठोपाठ एक, सुटी, शाळकरी म्हणावीत इतकी शिस्तशीर वाक्ये मांडत जाते. प्रत्येक वाक्यानंतर मोकळी जागा. इंग्रजीत ‘वाक्य’ आणि ‘न्यायालयाने दिलेली शिक्षा’ यांना एकच शब्द आहे, आणि साऱ्या कवितेचा भार त्या एका श्लेषावर उभा आहे. वाक्याचा मान राखायचा तो अशा ठिकाणी, जेथे वाक्यानेच माणसे मारली. मराठीत हा श्लेष साधत नाही. भाषांतरकाराने तो साधण्याचा खटाटोपही करू नये. वाक्यांची शिस्त तेवढी सांभाळली तरी पुष्कळ काम होईल.

युद्धाचे कारण सांगताना कविता करारांकडे वळते. १८५१ आणि १८५८ च्या करारांनी डकोटांकडून जमीन घेतली गेली आणि त्यांना मिनेसोटा नदीकाठच्या एका अरुंद पट्ट्यात आणून ठेवले गेले. ठरलेला पैसा आला नाही. व्यापाऱ्यांनी उधार देणे थांबविले. लोक उपाशी असताना अँड्र्यू मायरिक या व्यापाऱ्याने त्यांनी गवत खावे अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे सांगतात. उठाव झाला तेव्हा मारल्या गेलेल्यांत तो होता, आणि त्याचे प्रेत सापडले तेव्हा तोंडात गवत कोंबलेले होते. कवयित्री म्हणतात, डकोटा योद्ध्यांच्या या कृतीला कविता म्हणावे असे मला वाटते. तिच्यात संहिता नाही, शब्द नाहीत.

येथे वाचक दचकतो, आणि दचकले पाहिजे. प्रेताच्या तोंडातील गवताला कविता म्हणणे हे हिंसेचे सौंदर्यीकरण नव्हे काय? कवयित्री क्षणभर तसे घडू देतात. खऱ्या कवितेला शब्दांची गरज नसते, असे विधान येते. पण ते तिरप्या अक्षरांत, मनातला संवाद म्हणून. लगेच त्या माघार घेतात. व्यापाऱ्याचे ते शब्द आधी उच्चारले गेले नसते तर या कृतीला अर्थच आला नसता. म्हणजे शब्दांची निवड महत्त्वाचीच. या दुरुस्तीत संग्रहाची सारी मीमांसा सामावली आहे, असे मला वाटते. व्यापाऱ्याचे वाक्य तिरस्काराचा सहज उद्गार होते, त्याच्या लेखी ती कृती नव्हती. डकोटांनी ते गंभीरपणे घेतले. अगंभीर उक्तीला कोणीतरी अक्षरशः गंभीरपणे घेणे, म्हणजेच तिचा उद्धार आणि तिचा सूड एकदम. लाँग सोल्जर शासनाच्या ठरावाशी जे करतात ते याच जातीचे आहे. तेथे गवत नाही, ‘ज्याअर्थी’ आहे. ज्यांनी तो शब्द वापरला त्यांच्याच तोंडात तो परत घातला जातो.

या कवितेत स्मारकाचाही विचार आहे. २००५ पासून साउथ डकोटातील लोअर ब्रूल येथून मॅन्केटोपर्यंत घोडेस्वार डिसेंबरच्या थंडीत तीनशेहून अधिक मैलांचे अंतर काटत आणि २६ तारखेला पोहोचत. कवयित्रीच्या मते या अडतीस जणांचे स्मारक म्हणजे शब्द कोरलेली वस्तू नव्हे, ती एक कृती आहे.

न्यायालयीन आणि शासकीय कागदपत्रांतून कविता घडविण्याची अमेरिकेतली परंपरा जुनी आहे. म्युरिएल रुकायझर यांनी १९३८ मध्ये ‘द बुक ऑफ द डेड’मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील बोगद्यात सिलिकाच्या धुळीने मेलेल्या कामगारांविषयी काँग्रेससमोर झालेल्या साक्षी वापरल्या. चार्ल्स रेझ्निकॉफ यांनी ‘टेस्टिमनी’त जुन्या खटल्यांच्या नोंदींना ओळी पाडून दिल्या. कॅनडात एम. नूर्बीसी फिलिप यांनी २००८ च्या ‘झाँग!’मध्ये गुलामांना समुद्रात फेकण्यासंबंधीच्या १७८३ च्या निवाड्याचे अक्षरशः तुकडे केले. लाँग सोल्जर या परंपरेत बसतात, पण त्यांची वाट वेगळी आहे. रुकायझर आणि रेझ्निकॉफ कागदपत्रांतून आशय घेतात, फिलिप शब्दसंग्रह घेतात. लाँग सोल्जर वाक्यरचना घेतात आणि तिच्यात आपला आशय भरतात. मूळ मजकूर त्यांच्या पानांवर फार थोडा आहे. त्याचा साचा मात्र सर्वत्र आहे. साक्ष देणाऱ्याच्या जागेवरून उठून मसुदा करणाऱ्याच्या खुर्चीत बसण्याचा हा प्रकार आहे.

या खुर्चीचे काही तोटेही आहेत, ते लपविण्यात अर्थ नाही. पहिल्या भागातील काही लहान कविता शब्दांच्या मांडणीतच गुंततात. चौकटीच्या चार बाजूंनी चार ओळी लिहिलेली कविता एकदा पाहिली की वाचून झाली, असे मला वाटते. तिच्यातल्या राखीव प्रदेशाच्या सूचनेला दुसऱ्या वाचनात नवे काही जडत नाही. याउलट, ‘गरीब’ या अर्थाचा लाकोटा शब्द शीर्षकाला घेतलेल्या कवितेत स्वल्पविरामाचे चिन्ह न वापरता तो शब्द अक्षरांत लिहिला जातो, तेव्हा प्रत्येक ठिकाणी श्वास अडखळतो आणि गरिबीविषयी बोलण्याचा संकोच ऐकू येतो. एकच क्लृप्ती एके ठिकाणी फसते आणि दुसरीकडे साधते, याचे कारण दुसरीत बोलणारा माणूस आहे, पहिलीत नकाशा आहे. ‘रेझोल्यूशन्स’ हा भागही मला ‘व्हेअरॅज स्टेटमेंट्स’पेक्षा कृश वाटतो. ठरावातील क्रियापदे घेऊन ती वाकविण्याचा खेळ तेथे लवकर ओळखीचा होतो. अपवाद एका ठरावाचा. त्यात २०१६ च्या स्टँडिंग रॉक येथील पाण्यासाठीच्या लढ्याची साक्ष येते, आणि भूमी बरी करण्याचे काम कोणत्याही अध्यक्षाच्या कबुलीवर कधी अवलंबून नव्हते, असे सांगितले जाते.

आणखी एक अडचण संग्रहाच्या बाहेरची आहे. पारितोषिके मिळालेले, विद्यापीठांत शिकविले जाणारे हे पुस्तक वाचून अनेक वाचकांना आपण काही प्रायश्चित्त केले असे वाटत असावे. ज्यांनी कलम ८११३ कधी वाचले नाही ते ही कविता वाचतात आणि हळवे होतात. क्षमायाचनेची जागा क्षमायाचनेवरील कवितेच्या आस्वादाने घ्यावी, हे शासनाच्या पथ्यावरच पडेल. याचा दोष कवयित्रीकडे जात नाही. एका कवितेत एक गृहस्थ तिला म्हणतो, निदान क्षमा तरी मागितली गेली. त्या ‘निदान’ला दिलेले उत्तर अशा वाचकालाही लागू आहे. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी अध्यक्ष बायडन यांनी ॲरिझोनातील गिला रिव्हर येथे, मूलनिवासींच्या सभेत, वसतिशाळांच्या धोरणाबद्दल मोठ्याने क्षमा मागितली. २००९ मध्ये जे नव्हते ते उच्चारण आणि श्रोते या वेळी होते. म्हणून ‘व्हेअरॅज’ कालबाह्य झाला असे कोणी म्हणेल तर त्याने न्याहारीच्या टेबलाची कविता पुन्हा वाचावी. तेथे शब्दांनंतर हात आहे.

ठरावाचा शेवट दायित्व नाकारणाऱ्या कलमाने होतो. या क्षमेतील कोणत्याही मजकुराने अमेरिकेविरुद्धच्या कोणत्याही दाव्याला आधार मिळत नाही, आणि त्याने कोणत्याही दाव्याची तडजोड झाली असेही होत नाही. पहिल्या वाक्यावर टीका पुष्कळ झाली आहे. दुसरे मात्र सरळ नाही. लाकोटांच्या पवित्र डोंगररांगा, ज्यांना त्या ‘हे सापा’ या कवितेत त्यांच्या लाकोटा नावाने हाक मारतात, १८६८ च्या करारानंतर अवघ्या नऊ वर्षांत, १८७७ मध्ये, हिसकावल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मान्य केली. सू राष्ट्राने ती आजवर घेतलेली नाही. पैसे घेतले तर दावा मिटेल, आणि दावा डोंगरांचा आहे. दावा मिटू नये, अशी इच्छा ठेवण्याचे कारण या पक्षालाही आहे. ‘तडजोड नाही’ हे शब्द एका तोंडी कावेबाज आणि दुसऱ्या तोंडी निष्ठेचे ठरतात.

लाँग सोल्जर यांच्या पुस्तकाच्या शेवटीही असेच एक कलम आहे. ते उलटे आहे : या पुस्तकातील काहीही अमेरिकेच्या लेली लाँग सोल्जर यांच्याविरुद्धच्या दाव्याला आधार देत नाही, की अशा दाव्याची तडजोड करीत नाही. प्रथम हसू येते. एवढ्या मोठ्या राष्ट्राचा एका कवयित्रीवर काय दावा असणार? मग तिच्या दुहेरी नागरिकत्वाची आठवण होते. निष्ठेचा, कृतज्ञतेचा, झाले गेले विसरण्याचा दावा असू शकतो, आणि तो रोज केला जातो. तो येथे फेटाळलेला नाही, मान्यही केलेला नाही. त्याच्या शेजारी ‘गवत’ हा इंग्रजी शब्द, अनेकवचनात, मधे जागा न सोडता, पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे.